दुसरी भाषा आणि आठवी-नववीची मुलं: गोडी नाही की धीर नाही?

मधली_सुट्टी | 11 जुलै, रात्री 10.25

बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढते. पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. यंदा सतरावं वर्ष. मुलांचे वडील मार्केट यार्डात हमाली करणारे, रिक्षा चालवणारे. आया बहुतेक सोसायट्यांमध्ये कामाला जाणाऱ्या. दर जूनमध्ये शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य ठरलेलं असतं, "या मुलांना शिकायचंच नाहीये." सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही ते म्हणत होते.

गेल्या फेब्रुवारीपासून म्हणत नाही. रविवारी बहिणीकडे निघाले होते, तर कोरेगाव पार्कात शहाळ्याच्या गाडीवर आमच्या वर्गातला एक मुलगा दिसला. मामाची गाडी, सुट्टीच्या दिवशी हा मदतीला. समोर एक परदेशी जोडपं. आणि हा त्यांना विचारतोय, "मोअर वॉटर ऑर मलई?" मग भाव सांगितला, सुट्टे परत दिले, "टुमारो अल्सो कम" म्हणून हसला. मी लांबच उभी राहिले, कारण मला बघितल्यावर तो गप्प झाला असता.

हाच मुलगा सहामाहीत 80 पैकी 19. तोंडी परीक्षेला उभा केला की फरशीकडे बघतो. वर्षभरात माझ्या तासाला त्याच्या तोंडून एक पूर्ण वाक्य मी ऐकलेलं नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारलं, तिथे बोलतोस तसं वर्गात का नाही बोलत? त्याचं उत्तर जसंच्या तसं देते: "तिथं कोणी हसत नाय बाई. त्यांना शहाळं पाहिजे असतं."

त्या दिवसापासून मी हेच घेऊन बसले आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीतलं मूल नववं वर्ष ही भाषा शिकतंय. नऊ वर्षांत त्याला इंग्रजीतून कुणाला काही खरोखर सांगायची गरज किती वेळा पडली असेल? प्रश्नाचं उत्तर आम्हाला आधीच माहीत असतं, ते गाईडमध्ये असतं, फळ्यावर असतं. तरी त्याने उभं राहून ते परत सांगायचं आणि चुकलं तर पन्नास जणांसमोर चुकायचं. माझं आता स्पष्ट मत झालंय की इच्छा मुलांकडे असते. आपण ती वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवायला लावतो.

तोंडी परीक्षेबद्दलही सांगते. दहावीला भाषेचे 80 गुण लेखी आणि 20 शाळेच्या हातात. 2019 साली हे 20 काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरं. पण पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल 95.30 झाला. आता मुलं इंग्रजी बोलतात म्हणून तोंडीचे गुण मिळतात की निकाल सावरावा म्हणून आपण देतो, हे प्रत्येक भाषाशिक्षकाने स्वतःला विचारून बघावं. मी विचारलं, आणि उत्तराने मला झोप लागली नाही. बोलायला शिकवण्यासाठी दिलेला वेळ आम्ही गुणांचे तक्ते भरण्यात घालवतो.

तुमच्या घरातल्या, वर्गातल्या मुलांना इंग्रजी, हिंदी, संस्कृत, जर्मन, कुठलीही भाषा असो, कधी आणि कशामुळे हुरूप आला, ते वाचायला आवडेल. अगदी बारीकसारीक प्रसंगही लिहा.

---

निळी_शाई | 11 जुलै, रात्री 11.02

"त्यांना शहाळं पाहिजे असतं." या एका वाक्यासाठी धागा जपून ठेवते आहे.

---

कर्वेनगरची_आई | 12 जुलै, सकाळी 7.40

आमच्याकडे जर्मन. आठवीत भाषा निवडायची वेळ आली तेव्हा सोसायटीतल्या सगळ्या पालकांचं एकच म्हणणं, जर्मन घ्या, स्कोअरिंग आहे. घेतलं. मुलाने पहिलं वर्षभर डेर, डी, दास असं पाठ केलं की मला स्वयंपाकघरातून ऐकून पाठ झालं. गुण उत्तम. पण वही मिटली की जर्मन संपलं. मे महिन्याच्या सुट्टीत एक शब्द उच्चारला नाही.

मग नववीत त्याला जर्मन फुटबॉलचं वेड लागलं. सामना झाल्यावर प्रशिक्षक पत्रकारांशी बोलतात ना, ते बघायला लागला. एका रात्री अकरा वाजता मोबाईल घेऊन माझ्याकडे आला, म्हणे आई, हा 'लायडर' म्हणाला, लायडर म्हणजे 'दुर्दैवाने', आमच्या पुस्तकात आहे! दीड वर्ष जर्मन शिकणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच कळलं की पुस्तकातला शब्द जिवंत माणसाच्या तोंडात असतो. त्यानंतर मला 'अभ्यास कर' म्हणावं लागलं नाही. गुण मात्र थोडे कमी झाले, कारण पाठांतर सोडून तो भलतीकडेच वाचत बसतो. शाळेत बाईंनी बोलावून काळजी व्यक्त केली. मी काय करावं, गुण सांभाळू की हे वेड सांभाळू, मला खरंच कळत नाहीये.

---

तळजाई | 12 जुलै, सकाळी 9.15

मी बी.एड. कॉलेजात इंग्रजी अध्यापन शिकवतो, म्हणून थोडं अभ्यासाच्या बाजूने लिहितो.

या विषयाची सुरुवातच माध्यमिक शाळेतल्या मुलांपासून झाली. 1959 साली कॅनडात गार्डनर आणि लॅम्बर्ट या दोघांनी माँट्रियलमधल्या, फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास केला. निव्वळ भाषेच्या उपजत कुवतीवर सगळं ठरत नाही, मुलाला ती भाषा कशासाठी हवी आहे यावरही बरंच अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं. त्यांनी दोन कारणं वेगळी काढली: त्या भाषेच्या माणसांत मिसळावंसं वाटणं, आणि नोकरी-परीक्षेसाठी भाषा लागणं. पण माँट्रियलमध्ये फ्रेंच बोलणारा शेजारी होता. आपल्या बिबवेवाडीतल्या मुलाने इंग्रजीतून मिसळायचं कुणात? म्हणून आपल्याकडे सगळा भार दुसऱ्या कारणावर पडतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नोकरी फार लांबची गोष्ट असते.

पुढे डोर्नयेई या हंगेरियन अभ्यासकाने 2005 च्या सुमारास वेगळी मांडणी केली. ते 2022 मध्ये वारले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ती भाषा बोलणारा 'मी' मुलाला डोळ्यासमोर दिसला पाहिजे. तो दिसला की मूल त्या दिशेने चालायला लागतं. आणि 'लोक माझ्याकडून अपेक्षा करतात तो मी' वेगळा; त्याच्या धाकाने मूल बसतं खरं, पण फार काळ टिकत नाही. हा माणूस हंगेरीत वाढला हेही महत्त्वाचं. तिथे 1989 पर्यंत शाळेत रशियन सक्तीचं होतं. मुलं वर्षानुवर्षं ते शिकली, आणि बाहेर पडल्यावर फार थोड्यांना बोलता येत होतं. तास होते, पुस्तकं होती, परीक्षाही होत्या.

शहाळ्याच्या गाडीवर त्या मुलाला 'इंग्रजी बोलणारा मी' दर रविवारी भेटतो. सोमवारी वर्गात त्याला '80 पैकी 19 वाला मी' भेटतो.

हसण्याबद्दल: वर्गात परकी भाषा बोलताना वाटणारी भीती मोजण्यासाठी 1986 मध्ये हॉरवित्झ आणि सहकाऱ्यांनी 33 विधानांची एक प्रश्नावली केली. मी बोललो तर बाकीचे हसतील, ही भीती त्यात आहेच. तेव्हा बाई, तुमच्या विद्यार्थ्याने जे सांगितलं ते अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांनीही सांगितलेलं आहे.

---

रात्रपाळी | 12 जुलै, दुपारी 3.30

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते.

मी अशाच शाळेतली. सातवीत असताना इंग्रजीच्या पुस्तकातला धडा वाचायला उभं केलं. 'आयलंड' हा शब्द मी 'इसलंड' असा वाचला. स्पेलिंगमध्ये एस आहे, मग वाचणार नाही तर काय? शिक्षक हसले. ते हसले म्हणून वर्ग हसला. एवढ्यावर संपलं असतं, पण त्यांनी पुढच्या तासाला येऊन "काय इसलंड, आज वाचणार का?" असं विचारलं. दहावीपर्यंत माझं नाव इसलंड होतं. मी त्या तीन वर्षांत इंग्रजीच्या तासाला एकदाही हात वर केला नाही. घरी मात्र चोरून डिक्शनरी वाचायचे. इच्छा नव्हती असं कोणी म्हणू नये.

नंतर नर्सिंगला गेले. सगळी पुस्तकं इंग्रजीत. पहिले सहा महिने रोज रडले. पण वॉर्डात एक सिस्टर होत्या केरळच्या. त्यांना मराठी मोडकंतोडकं, मला इंग्रजी मोडकंतोडकं. पेशंटचं काय झालं ते एकमेकींना सांगितल्याशिवाय पाळी बदलता येत नव्हती. तिथे व्याकरण बघायला वेळच नाही, सलाईन किती गेलं ते सांगायचं. त्या माझ्या इंग्रजीला हसल्या नाहीत, मी त्यांच्या मराठीला हसले नाही. वर्षभरात मी रात्रपाळीचा पूर्ण रिपोर्ट इंग्रजीतून द्यायला लागले.

बाई, तुमच्या त्या मुलाला माझ्याकडून सांगा, तो बोलतो तेच इंग्रजी आहे.

---

निळी_शाई | 12 जुलै, दुपारी 4.05

रात्रपाळीताई, लिहीत जा. फार आतून आलंय.

---

हिंजवडी_फेज_दोन | 12 जुलै, सायंकाळी 6.20

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्याकडे मुलाखतींना ग्रामीण भागातली आणि मराठी माध्यमातली हुशार मुलं येतात. कोडिंग पक्कं असतं, पण 'तुझ्याबद्दल सांग' म्हटलं की पाठ केलेला उतारा सुरू होतो आणि मध्येच तुटतो. तेव्हा मन दुखतं, पण समोरच्या क्लायंटशी बोलायला माणूस हवा असतो, मी त्याला घेऊ शकत नाही. त्यामुळे हुरूप, आनंद सगळं मान्य, तरी लेखन-व्याकरणाची शिस्त सोडून चालणार नाही. मोडकंतोडकं चालतं ही समजूत दहावीनंतर मुलाला महागात पडते.

---

तळजाई | 12 जुलै, रात्री 8.10

@हिंजवडी_फेज_दोन, शिस्त हवीच. पण तुमच्यासमोर तुटणारा तो उतारा शिस्तीचंच फळ आहे हो. त्या मुलाने पाठ करण्यात कसूर केलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला उत्तर माहीत नसलेला प्रश्न इंग्रजीत विचारला, आणि तो प्रसंग थेट नोकरीच्या मुलाखतीत आला. तो नववीत यायला हवा होता.

@कर्वेनगरची_आई, वेड सांभाळा. 1971 मध्ये एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. पैसे मिळालेली मुलं मोकळ्या वेळात कोड्याला कमी हात लावायला लागली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती आपणहून खेळत राहिली. गुणांचंही पुष्कळदा असंच होतं. थोडे कमी झालेले गुण दहावीच्या आधी दोन महिन्यांत भरून निघतील. रात्री अकरा वाजता 'लायडर' सापडल्याचा आनंद कुठल्या क्लासला विकत मिळत नाही.

---

सुभाषित | 13 जुलै, सकाळी 6.50

मी संस्कृत शिकवते, सदाशिव पेठेपासून फार लांब नाही. इथे सगळे बोलण्याबद्दल लिहीत आहेत, म्हणून माझा थोडा मतभेद नोंदवते. संस्कृत बोलून माझ्या विद्यार्थ्याला शहाळं विकायचं नाही. तरी त्याला गोडी लागते, मी ती दरवर्षी डोळ्यांनी बघते.

आमच्या विषयाचं दुखणं जर्मनसारखंच. 'पैकीच्या पैकी मिळतात' म्हणून मुलं येतात. देवः देवौ देवाः घोकतात, शंभरापैकी नव्व्याण्णव मिळवतात, आणि अकरावीत पुस्तकं रद्दीत जातात. मलाही याचं फार वाईट वाटत आलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या तासाला फळ्यावर 'हस्तः' लिहिलं होतं. एक मुलगी म्हणाली, बाई, हस्त म्हणजे हात, आणि सप्त म्हणजे सात, दोन्हीकडे जोडाक्षर गेलं आणि 'आ' आला. मी खडू खाली ठेवला. म्हटलं, अजून सापडतात का बघा. पुढची वीस मिनिटं वर्ग माझा राहिलाच नाही. कर्ण, कान. सर्प, साप. कर्म, काम. चर्म, चामडं. एकाने ओरडून सांगितलं, दुग्ध, दूध! तिथे 'आ' नाही, पण 'दु' चा 'दू' झाला, म्हणजे ऱ्हस्व दीर्घ होतो, असा नियम एका मुलाने स्वतः मांडला. हा मुलगा व्याकरणाच्या चाचणीत नापास होत असे. जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर दीर्घ होणं ही प्राकृतातून मराठीत येताना खरोखर घडलेली गोष्ट आहे, एम.ए.ला आम्ही ती जाड पुस्तकांतून शिकलो होतो. आठवीच्या पोरांनी ती फळ्यावर शोधली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. दुसऱ्या दिवशी मुलं आजी-आजोबांना विचारून शब्द घेऊन आली. एकीच्या आजीने विहिरीवरचं 'पाणी' आणि 'पानीयम्' जुळवून दिलं होतं.

तेव्हा मधली_सुट्टी ताई, तुमच्या मताला मी एवढीच जोड देईन. कुणालातरी काहीतरी हवं असणं हे एक दार झालं. दुसरं दार म्हणजे मुलाला स्वतःहून काहीतरी सापडणं. त्या वीस मिनिटांत मी काहीही शिकवलं नाही आणि वर्षभरात तेवढं कधी शिकवून झालं नव्हतं.

---

साकुरा_पर्वती | 13 जुलै, सकाळी 11.30

जपानीची अनुवादक. पुण्यात जपानी शिकणारे खूप आहेत, जुलै-डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेला मोठी गर्दी होते. पण त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्याय निवडून. मी एन-3, म्हणजे तिच्या पाच पातळ्यांतली मधली, पास होते आणि चाकणच्या एका कारखान्यात पहिल्यांदा जपानी इंजिनियरसमोर उभी राहिले, तर घशातून आवाज निघेना. त्या गृहस्थांनी कागद पुढे ओढला, मशीनचं चित्र काढलं आणि बोट ठेवून विचारलं, "कोरे?" म्हणजे 'हे?' मी म्हटलं, "हाय, कोरे." म्हणजे 'हो, हे.' दोन शब्दांवर आमचं काम सुरू झालं.

सध्या नववी-दहावीची सहा मुलं माझ्याकडे शिकतात, कार्टून बघून आलेली. पहिल्याच दिवसापासून मी त्यांच्याशी चित्र काढून बोलते.

---

शेवटचा_बाक | 13 जुलै, रात्री 9.48

मी नववीत आहे. आईच्या फोनवरून लिहीत आहे. सगळे मोठे लोक आहेत तरी एक विचारू का. आम्हाला बोलायला सांगतात तेव्हा आधी उभं करतात. उभं राहिलं की सगळे वळून बघतात आणि येत असलेलं पण विसरतं. गाडीवर तो दादा उभा असेल पण त्याच्याकडे सगळा वर्ग बघत नसणार. बसून बोललं तर चालत नाही का?

---

मधली_सुट्टी | 13 जुलै, रात्री 10.15

@शेवटचा_बाक, बाळा, सतरा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नाही. चालतं. उद्यापासून माझ्या वर्गात चालेल.

बाकी सगळ्यांना सविस्तर लिहिते, थोडे दिवस द्या.

---

मधली_सुट्टी | 26 जुलै, सायंकाळी 7.30

परत आले. दोन आठवड्यांत जे केलं ते सांगते.

शुक्रवारचा शेवटचा तास मी बोलण्यासाठी काढला. कुणीही उभं राहायचं नाही. बाक वळवून चार-चार जणांची टोळकी केली. मी मध्ये फिरत राहिले, पण चूक ऐकली तरी तिथे थांबवलं नाही, वहीत टिपून ठेवली. सोमवारी त्या चुका नाव न घेता फळ्यावर लिहिल्या आणि सगळ्यांनी मिळून दुरुस्त केल्या. हिंजवडीच्या सरांची शिस्त मी सोमवारसाठी ठेवली आहे. रागावू नका सर, तुमचं म्हणणं मला पटलं आहे, फक्त दिवस बदलला.

पहिला शुक्रवार वाया गेला. टोळक्यांत सगळे मराठीत बोलले, क्रिकेटबद्दल. मी घरी येऊन फार खट्टू झाले होते.

दुसऱ्या शुक्रवारी मी शहाळेवाल्याला आधीच विचारलं, आज तुझी गाडी वर्गात लावशील का. तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "पण मीच विकणार, मला प्रश्न नाय विचारायचे." कबूल केलं. त्याने दोन बाक जोडले, दप्तरं ओळीने ठेवली, आणि गिऱ्हाईक व्हायला मुलं रांगेत आली. पहिल्याला त्याने विचारलं, "हाऊ मेनी यू वाँट?" त्या मुलाला उत्तर येईना, तर यानेच दोन बोटं वर केली आणि "टू?" म्हणाला. थेट त्या जपानी इंजिनियरसारखं! रांगेतली एक मुलगी भाव पाडायला लागली, तिला 'कमी करा' हे कसं म्हणायचं ते हवं होतं, तिने मला विचारलं. वर्षभरात माझ्या वर्गात कुणी आपणहून विचारलेला तो पहिला इंग्रजी शब्द. मग तो सगळ्यांना हवा झाला. हसले मुलं, खूप हसले, पण त्याला नाही. भाव करण्याला.

शेवटी तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "बाई, हाऊ मेनी डू यू वाँट, असं पाहिजे ना? डू राहिलं माझं." मी ते वहीत टिपलेलं होतं. सोमवारपर्यंत थांबावं लागलं नाही.

गुण वाढले का, तर अजून घटक चाचणी व्हायची आहे. चोपन्नातली अकरा मुलं अजूनही तोंड उघडत नाहीत, त्यातल्या आठ मुली. त्यांच्यासाठी काय करावं ते सुचत नाहीये. गाडी, दुकान हे त्यांचं जग नाही असं मला वाटायला लागलंय.

---

रात्रपाळी | 26 जुलै, रात्री 9.05

बाई, मला शुक्रवारी सुट्टी असते. मी येऊ का? मी त्यांना पेशंट करते. ताप कधीपासून आहे, कुठे दुखतं, काय खाल्लं. आजाऱ्याने हळू बोललेलं चालतं, आणि नर्सला जवळ जाऊन ऐकावंच लागतं.

---

मधली_सुट्टी | 26 जुलै, रात्री 9.12

या. नक्की या. मुख्याध्यापकांची परवानगी मी उद्याच घेते आणि तुम्हाला निरोपातून शाळेचा पत्ता पाठवते. तास 4.50 ला सुरू होतो. फाटकावर शिपाईमामांना 'नववी ब' सांगा, ते वर आणून सोडतील. आणि जमलं तर पांढरा कोट घालून या, मुली आधी त्याच्याकडे बघतील.